अभ्यासिकेत शाई दोघांच्याच बोटाला. यादीतलं नाव गावात ठेवू की पुण्यात आणू?

शेवटचा_अटेम्प्ट

प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा पाल्हाळ सहन करा.

मी जत तालुक्यातली, वय २५. गेली चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतेय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एका खोलीत चार कॉट, भाडं खोलीचं नाही, कॉटचं. मेसचे पैसे वेगळे, अभ्यासिकेतल्या खुर्चीचे वेगळे. मतदारयादीत नाव मात्र गावात, जिल्हा परिषद शाळेतल्या बूथवर.

१५ जानेवारी २०२६ ला इथं महापालिकेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेत गेले आणि सहज सगळ्यांच्या बोटांकडं बघत बसले. साठ खुर्च्या आहेत, त्यातल्या चाळीसेक भरलेल्या. शाई दोघांच्या बोटाला. एक कसब्यातला मुलगा, जो घरचा डबा आणतो. दुसऱ्या झाडलोट करणाऱ्या मावशी, म्हणजे त्या तर खुर्चीवाल्या पण नाहीत.

आता हीच पोरं-पोरी ऑगस्ट २०२४ मध्ये शास्त्री रस्त्यावर बसली होती. २५ ऑगस्टला राज्यसेवा पूर्व आणि बँक भरतीची आयबीपीएस एकाच दिवशी आली होती, शिवाय कृषी सेवेच्या जागांचा प्रश्न. दोन रात्री मी पण होते. पावसात सतरंजी भिजली, शेजारच्या टपरीवाल्यानं प्लास्टिकचा कागद दिला, मोबाईलचे टॉर्च लावून घोषणा. प्रत्येक पक्षाचं कुणी ना कुणी येऊन आमच्यात बसून फोटो काढून गेलं. परीक्षा पुढं ढकलली गेली. त्याच्या आधी २०२३ मध्ये परीक्षेच्या वर्णनात्मक, म्हणजे लांब उत्तरं लिहायच्या, पॅटर्नवरून अलका चौकात असंच झालं होतं आणि तो पॅटर्न २०२५ पर्यंत पुढं गेला. म्हणजे राजकारणात रस नाही असं आमच्याबद्दल कुणी म्हणू नये.

पण ढकललेली ती पूर्वपरीक्षा आली १ डिसेंबरला, आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. मध्ये अकरा दिवस. मी हिशेब केला: स्वारगेटवरून रात्रीची एसटी, सकाळी गाव, मतदान, परत रात्रीची एसटी, आणि त्यानंतरचा एक दिवस झोपेत. चालू घडामोडींचे पाच महिने राहिले होते. नाही गेले. त्या दिवशी वाचत काय होते म्हणाल तर पॉलिटी. कलम ३२६, प्रौढ मताधिकार. ६१वी घटनादुरुस्ती, मतदानाचं वय २१ वरून १८, अंमल २८ मार्च १९८९. पाठ आहे सगळं, झोपेत विचारा.

लोकसभेला मात्र गेले होते. सांगलीचं मतदान ७ मे ला होतं, परीक्षा लांब होती, आणि त्या वेळी आमच्याकडं वातावरण असं तापलेलं की शेवटी अपक्ष निवडून आला. तेव्हा जाण्यात मजा होती.

आता गावाकडं जिल्हा परिषदेचं वारं आहे. वडिलांचा फोन आला की पुण्यातनं गाडी येणार आहे, यादीत नाव दे. गाडी कुणाची ते विचारायचं नाही. मी म्हटलं, आप्पा, मी नाव इकडंच आणायचा विचार करतेय. पलीकडं शांतता. मग म्हणाले, "नाव काढू नको. नाव काढलं की माणूस गावातनं गेलं म्हणत्यात." मागनं आई म्हणाली, "लग्न झाल्यावर जाणारच हाय की नाव, आत्ता कशाला?"

ह्या वाक्यावर मी तीन दिवस अडकलेय. लग्न करून नाव हललं तर कुणाची हरकत नाही. अभ्यासासाठी हललं की घर सोडल्यासारखं.

तर विचारायचं हे: नाव पुण्यात आणावं का? माझ्याकडं भाडेकरार नाही, मालक देणार नाही. आणि उद्या पास होऊन पोस्टिंग गडचिरोलीला मिळालं (तोंडात साखर पडो) तर परत तिकडं? शिवाय गाडीत बसून जाऊन आपल्याला हवं त्याला मत दिलं तर त्यात गैर काय?

अण्णा_मिरजकर

बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अकरा दिवसांत एक दिवस निघत नाही हे पटत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून. इच्छा असली की वाट निघते.

मी १९७० चा. ज्या दुरुस्तीचं पाठांतर तुम्ही केलंय तिचा मी पहिल्या फळीतला लाभार्थी. नोव्हेंबर १९८९ ची लोकसभा, मी एकोणीस वर्षांचा. मिरजेत आम्ही पोरं सगळ्या पक्षांचे पत्र्याचे बिल्ले गोळा करायचो, शर्टाच्या आतल्या बाजूला एकाचे, बाहेर दुसऱ्याचे. भिंती रंगवायला चुन्याची बादली उचलायला पण मी होतो. कागदी मतपत्रिका, फुलीचा शिक्का. शिक्का मारून घडी कशी घालायची, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून, हे वडिलांनी आदल्या रात्री वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दोनदा करून दाखवलं होतं. आजच्या मुलांना कुणी असं शिकवतं का? ती फोनमध्ये.

खडू_फळा

अण्णा, फोनमध्ये नाहीत हो, यादीत नाहीत. दोन्हींत फरक आहे.

मी प्राथमिक शिक्षक आणि गेली नऊ वर्षं बीएलओ. म्हणजे मतदारयादीच्या कामासाठी घरोघरी रजिस्टर घेऊन फिरणारा, दार उघडल्यावर "कुरिअर का?" असं ज्याला विचारतात तो. मुद्द्याचं सांगतो.

ताई, तुमचं नाव हलवायला नमुना ८. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की नमुना ६ नव्यानं भरावा लागे, २०२२ पासून स्थलांतरालाही ८ च चालतो. ऑनलाइन भरता येतो. जुन्या ठिकाणचं नाव त्यातून वगळलं जातं. दोन्हीकडं नाव ठेवायचं मनातही आणू नका, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ आणि १८ त्यासाठीच आहेत, आणि खोटं प्रतिज्ञापन केलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद. रुबाबदार नोकरीच्या तयारीत असलेल्या माणसानं तर अजिबातच नाही.

पत्त्याचा पुरावा: भाडेकरार हा एकच कागद चालतो असं नाही. वीजबिल, गॅसचं, बँक पासबुक, आधार. यातलं काहीच नसेल तर बीएलओनं प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. आता खरी मेख. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्यांना निवडणूक आयोगानं मुभा दिलेली आहे, घरच्या पत्त्यावर राहा किंवा हॉस्टेलच्या, तुमची निवड. प्राचार्यांचं पत्र आणलं की काम होतं. पण अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा आणि किमान एक वर्षाचा. स्पर्धा परीक्षा करणारी मुलं कुठल्याच प्राचार्यांची नाहीत. अभ्यासिकेचा मालक काही संस्थाप्रमुख होत नाही. ही हजारो पोरं कायद्याच्या दोन ओळींच्या मध्ये पडलीत.

दुसरीकडं, कलम २० म्हणतं की तात्पुरतं घराबाहेर असल्यानं रहिवास संपत नाही. त्यामुळं गावात नाव ठेवणंही बेकायदा नाही. कायदा तुम्हाला हाकलत नाहीये. तुम्ही ठरवायचं की तुम्ही "तात्पुरत्या" पुण्यात आहात का. चार वर्षं झालीत म्हणता.

गाडीचं विचारलंत. लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं किंवा त्याच्या माणसांनी मतदारांची फुकट ने-आण करणं हे १९५१ च्या कायद्यात कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचरण आहे. बसणाऱ्यावर गुन्हा नाही, पण त्या गाडीत कोण कोण बसलं याची वही असते. ती वही मी पाहिली आहे. नावापुढं बरोबरच्या खुणा.

आणि एक. शहरात मतदान कमी, तरुण बेफिकीर, असं दर वेळी छापून येतं. पुण्यात लोकसभेला ५३ टक्क्यांच्या आसपास झालं २०२४ ला. बेफिकिरी आहेच. पण माझ्या एका यादीभागात जी नावं होती त्यातले कित्येक जण हिंजवडी सोडून बंगळुरूला गेलेले, काही परदेशात, काही मुली सासरी. नावं तशीच. टक्केवारी काढताना भागाकार त्या सगळ्यांना धरून होतो. आणि जे खरे तिथं राहतात, तुमच्यासारखे, ते वर पण नाहीत आणि खाली पण नाहीत.

शेवटचा_अटेम्प्ट

@अण्णा, राग नाही. अर्ध्या तिकिटाचं बरोबर आहे, दोन्ही वेळचं मिळून एका महिन्याच्या चहापेक्षा कमी. मी पैशाचं म्हटलंच नव्हतं. पण तुमचा बूथ मिरजेत, तुम्ही मिरजेत, चुन्याची बादली मिरजेत. तुम्हाला मत द्यायला किती चालावं लागलं?

@खडू_फळा सर, "वर पण नाहीत आणि खाली पण नाहीत" हे वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

टपालानं मत का देता येत नाही मला? सैनिकांना आहे, निवडणूक ड्युटीवाल्यांना आहे, ८५ च्या पुढच्या आजी-आजोबांच्या तर घरी येतात. डिसेंबर २०२२ मध्ये ते दूरस्थ मतदानाचं यंत्र जाहीर झालं होतं, एका यंत्रात ७२ मतदारसंघ, आम्ही चालू घडामोडींत पाठ केलं होतं. जानेवारी २०२३ ला पक्षांना बोलावून दाखवायचं होतं, पक्षांनी हरकती घेतल्या. आम्ही नोट्समध्ये त्यावर रेघ मारली, "प्रश्न येण्याची शक्यता कमी".

आणि धाकट्या भावाचं सांगायचं राहिलं. तो ऑगस्ट २०२५ मध्ये अठराचा झाला. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराच्या रॅलीत बुलेटवर झेंडा घेऊन सगळ्यात पुढं तोच. पण यादी १ जुलै २०२५ ची. मत नाही. मी त्याला म्हटलं, अरे तुला मत नाही तर तू फिरतोस कशाला? म्हणाला, "पेट्रोल टाकून देत्यात की."

फ्रेम_बाय_फ्रेम

भावाला दोष देऊ नका, मी त्याचंच मोठं रूप आहे 🙂

मी कोथरूडला एडिटिंग करतो. लग्नाचे व्हिडिओ, हॉटेलांच्या रील. विधानसभा २०२४ ला एका उमेदवाराच्या "वॉर रूम"मध्ये पाच आठवडे होतो. वॉर रूम म्हणजे एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात आठ लॅपटॉप आणि एक न चालणारा एसी. आठही जण तिशीच्या आतले. दिवसाला बारा रील. तरुणांना काय हवं याचं आम्हाला आलेलं ब्रीफ एका वाक्यात सांगतो: साहेब गाडीतून उतरताना स्लो मोशन, आधी बूट, मग हात, मग चेहरा. खाली ढोल. भाषणातली सलग दहा सेकंदं कधी वापरली नाहीत, कारण तिसऱ्या सेकंदाला माणूस वर सरकवतो हे आम्हाला आकड्यांत दिसत होतं.

एकदा मी स्वतःहून वेगळी केली. प्रभागातल्या पाण्याच्या टँकरवर, रात्री अडीचला हंडे घेऊन उभ्या बायका. संगीत नाही, फक्त हंड्यांचे आवाज. ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पाहिली गेली. दुसऱ्या दिवशी काढून टाकायला सांगितली. टँकर आपल्याच माणसाचे होते म्हणे.

प्रचार संपला की शेवटचे ४८ तास शांतता. आमच्याकडं त्या ४८ तासांत सगळ्यात जास्त काम होतं. अधिकृत खात्यावरून नाही, फक्त स्टेटसला ठेवायच्या क्लिप. २० तारखेला संध्याकाळी सहा वाजता मी खुर्चीवरच झोपलो होतो. माझं नाव परभणी जिल्ह्यात. मी पाच आठवडे लोकांना "मतदान करा" सांगत होतो आणि मत दिलं नाही. पैसे पूर्ण मिळाले हे मात्र सांगतो, लग्नवाल्यांपेक्षा वेळेवर.

आमच्या वयाचे लोक निवडणुकीत नाहीत असं कुणी म्हटलं की मला ते दुकान आठवतं. आम्ही आहोत. कामाला आहोत.

माणदेशी_वारा

ताई, माझा अनुभव उलटा, म्हणून लिहितो. आटपाडीकडचा आहे, तुमच्या शेजारचाच.

कोरोनात कंपनीनं घरी बसवलं. पुण्यातनं, मुंबईतनं सगळी पोरं गावात. कधी नव्हे ती एवढी तरुण माणसं पारावर दिसायला लागली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान होतं, त्यात आमची. मत द्यायला १८ लागतात, उभं राहायला २१. मी २३ चा. उभा राहिलो. नाव गावच्या यादीत होतं म्हणूनच फॉर्म भरता आला. पुण्यात हलवलं असतं तर हे काही झालंच नसतं.

प्रचार काय केला? ग्रामपंचायतीचा मागच्या पाच वर्षांचा जमाखर्च माहितीच्या अधिकारात मागवला आणि त्यातल्या दोन पानांच्या झेरॉक्स घरोघरी दिल्या. एका पानावर एलईडी दिव्यांची खरेदी होती. संध्याकाळी पोरं टॉर्च घेऊन खांब मोजत फिरली. बिलात होते त्याच्या निम्मे सुद्धा सापडले नाहीत. वाटलं जिंकलो.

पडलो. एकोणीस मतांनी. चुलत चुलत्यानं सांगितलं, "पोरा, खांब बरोबर मोजलास. माणसं मोजायची राहिली." मतदानाच्या आदल्या आठवड्यात कंपन्यांनी पोरांना परत बोलावलं. माझ्या वॉर्डातली सत्तावीस जण निघून गेली होती. सगळी माझीच मतं.

तेव्हा मी म्हणेन नाव गावात ठेवा. पण मी गावात परत आलोय हे पण ध्यानात घ्या. दूध डेअरीवर असतो.

अण्णा_मिरजकर

दिव्यांचं वाचून बरं वाटलं. किती चाललो विचारलंत ना ताई? बूथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. शंभर पावलं.

एक भर घालतो. आमच्या कॉलेजात विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक व्हायची. पोस्टर, मारामाऱ्या, सगळं. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या, गुणवत्तेवर नेमायला लागले. २०१६ च्या कायद्यात परत आणल्या, २०१९ ला होणार होत्या, विधानसभा आली म्हणून पुढं ढकलल्या. म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी न निवडता ही पिढी थेट आमदार निवडायला जाते. हे मी माझ्याच वरच्या बोलण्याच्या विरुद्ध लिहितोय याची कल्पना आहे.

खडू_फळा

माणदेशींचा मुद्दा खरा आहे. ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची यादी विधानसभेच्याच यादीवरून निघते. पुण्यात नाव आणलं की गावातलं सगळंच जातं, मत आणि उभं राहणं दोन्ही. वडिलांना एवढं मात्र सांगा की रेशनकार्ड, जातीचा दाखला यांचा या यादीशी संबंध नाही. निम्म्या घरांत खरी भीती ती असते, बोलत नाहीत.

भावालाही सांगा. पूर्वी १ जानेवारीची एकच तारीख होती, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार. १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्ज घेता येतो. कॉलेजात शिबिर लावलं की पहिला प्रश्न एकच असतो: सर, कार्डावरचा फोटो बदलता येईल का?

शेवटचा_अटेम्प्ट

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगते, मग मला मेसची वेळ आहे.

या वेळी गावाला जाणार. लाल एसटीनं, स्वतःच्या अर्ध्या तिकिटावर. आप्पांना सांगितलं की वहीत माझ्या नावापुढं बरोबरची खूण नको. ते म्हणाले, मग त्यांना काय सांगू? म्हटलं, पोरगी अभ्यासात आहे सांगा.

परत आल्यावर नमुना ८. माणदेशी, तुमचं पटलं, पण मी दूध डेअरीवर परत येणार नाहीये, आणि हे मला स्वतःशी पण पहिल्यांदाच कबूल करावं लागलं. पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवसाआड संध्याकाळी पाणी जायचं तेव्हा तक्रार कुणाकडं करायची हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी चारही वर्षं इथंच बादली भरत होते.

काल मालकीण काकूंकडं वीजबिलाची झेरॉक्स मागितली. भाडेकराराचं नावही काढलं नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "बिल माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही." मी म्हटलं, काकू, बीएलओ घरी येऊन बघतील, तुम्ही फक्त ही इथं राहते एवढं सांगा. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोणत्या कॉटवर राहतेस, खिडकीच्या का दाराच्या?"

चार वर्षं झाली. दाराच्या.